जमिनीतली बुचं

२ ऑगस्ट

चिमे,

आशीर्वाद तुला न मागताही मिळतात, तेव्हा आधी कामाचं. मिस्त्री कसे आहेत? वादळ तुमच्या किनाऱ्याला वळता वळता समुद्रातच विरलं, हे टीव्हीवर कळलं. त्याआधी तुम्हाला शाळेच्या हॉलमध्ये हलवलं होतं, एवढंच सूनबाई म्हणाली. बाकीचं तिनं फोनवर ऐकलं असणार, पण मला सांगताना ती अर्धी वाक्यं गिळते. माझ्याशी ओरडून बोलायचं म्हणजे तिचा घसा बसतो, आणि माझं कानातलं यंत्र मध्येच शिट्टी मारतं. म्हणून म्हणतो, लिहीत जा. फोनवर तू मला कोंबडीसारखी ऐकू येतेस. कागदावर माझी धाकटी बहीण वाटतेस.

मी असतो सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत. समोर पाण्याच्या टाक्या, टाक्यांवर कावळे. समुद्र इथून गाडीनं दिवसभराच्या वाटेवर. तरी ऑगस्ट लागला की माझे गुडघे कान टवकारतात. मुलगा म्हणतो, "बाबा, तो संधिवात आहे." असेल. संधिवातालाही कुठून तरी बातमी येतच असेल ना?

काल दुपारी डोळा लागला आणि आपलं ते मोठं वादळ पुन्हा आलं. तू अगदी लहान, जिन्याच्या पायरीवर कंदील धरून बसलेली. तुला काय आठवणार! मला मात्र सगळं पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखं दिसतं. बाबा शिडं शिवणारे. सुतारकामाशी त्यांचा काय संबंध? पण त्या संध्याकाळी कुणाकडून तरी गिरमिट मागून आणलं आणि पुढच्या खोलीच्या लाकडी जमिनीला भोकं पाडत सुटले. आई माळ्यावरून ओरडते, "अहो, वेड लागलं का? पाणी आत येईल!" आणि बाबा गिरमिट फिरवता फिरवता म्हणतात, "यायलाच हवं. आत आलं नाही तर घर तरंगेल. तरंगलं की गेलं." केवढी कविता आहे ग या वाक्यात! मासेमार वादळाआधी होड्या दगड भरून मुद्दाम बुडवतात, तसं बाबांनी आपलं घर बुडवलं. गल्लीतली बाकीची घरं रिकाम्या पेट्यांसारखी निघून गेली. आपलं राहिलं.

आणि आत्या! कमरेपासून गेलेली, पुढच्या खोलीत खाटेला खिळलेली, पण आवाज खणखणीत. आई मला घेऊन माळ्यावर. मी भोकाड पसरलेलं. आणि खालून, वाऱ्याच्या वर आवाज चढवून, आत्या कविता म्हणते. आमच्या मास्तरांनी स्वतः रचलेली, कुठल्याच पुस्तकात न आलेली:

सागरा, थांब जरा, आई कामात आहे,
धाकटे बाळ तिचे गाढ झोपेत आहे.

दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी ती अडली. जिनं माझ्याकडून सगळ्या कविता घोकून घेतल्या, ती आत्या विसरली! मी वरून ओरडलो, "विसरलीस ना?" आणि उरलेलं मीच म्हणून टाकलं:

सागरा, ये उद्या, आज दार बंद आहे,
अंगणातले पाऊल तुझे फार थंड आहे.

चिमे, मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म घालवला. टाळ्या वाजाव्यात असं काही केलं नाही. पण आत्याला पुढचं कडवं सांगितलं, हे माझं बक्षीस. नंतर काही दिवसांनी ती दवाखान्यात तापानं गेली, म्हणजे ती आमची शेवटची कविता. या वयात हे आठवलं की बरं वाटतं.

मिस्त्रींना सांग, नवरा ते तुझे, पण मित्र आधी माझे. उत्तर लवकर.

तुझा दादा

९ ऑगस्ट

दादा,

पत्र मिळालं. कोंबडी म्हणालास ते लक्षात ठेवलंय.

वादळ आलं नाही, पण आमचं व्हायचं ते होऊन गेलं. गाडीवाल्यांनी यांना दाराच्या फळीवर घातलं आणि चौघांनी उचललं. मी म्हटलं, "बघा, जन्मात कधी एवढा थाट झाला नव्हता तुमचा." हे हसले. झटका आल्यापासून अर्धंच हसतात, डावीकडून. हॉलमध्ये सिमेंटच्या जमिनीवर सतरंजी. आजूबाजूला माणसं, पोरं, पिंजऱ्यातला एक पोपट. बाहेर स्वच्छ ऊन पडलं तरी सोडेनात. यांच्या पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला, ताप चढला. घरी आणले तेव्हा ओळखू येत नव्हते.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "काकू, पुन्हा असं हलवलंत तर माझी हमी नाही."

मी विचारलं, "आणि नाही हलवलं आणि पाणी आलं तर?"

ती म्हणाली, "ते माझ्या विषयात येत नाही." खरं बोलली बिचारी. दवाखाना तरी कुठे उंचावर आहे? वादळाची वर्दी आली की तोच आधी रिकामा करतात.

मग वाटलं, माळ्यावर न्यावं. शेजारचा न्हावी आणि त्याचा मेहुणा आले. तुला आपला जिना माहीत आहे, शिडीचा मोठा भाऊ, आणि वर माळ्यात शिरायची ती झापड, दोन तुळयांच्या बेचक्यात. मांजर आरामात जातं. माझ्यासारखी श्वास रोखून जाते. हे म्हणजे ओंडका. गुडघा वळत नाही, कंबर वळत नाही. झापडीत अडकले ते असे ओरडले की न्हावी रडायला लागला. तुळई कापून झापड मोठी करू म्हटलं, तर यांनीच डाव्या हातानं "नको, नको" केलं. तुळई गेली तर माळा खाली येईल. बोलायला चार शब्द उरलेत, पण त्यातही सुतारकी शाबूत.

तेव्हा आम्ही आहोत तिथेच आहोत. पुढच्या खोलीत यांची खाट, शेजारी माझी चटई. रेडिओ म्हणतो, यंदा मोसम वाईट आहे. वादळांना आता नावं देतात, पाळलेल्या मांजरांसारखी. एक गेलं की दुसऱ्याचं नाव तयार.

आणि ते जुनं वादळ असं घोळून घोळून लिहीत जाऊ नकोस. मी त्याच खोलीत झोपते.

चिमी

१७ ऑगस्ट

चिमे,

तुझं पत्र सूनबाईनं वाचायला दिलं आणि स्वतः स्वयंपाकघरात निघून गेली. म्हणजे तिनं आधी वाचलं होतं. मी बॅग काढली. दोन सदरे, औषधं, टॉवेल. मुलगा ऑफिसातून आला, त्यानं बॅग बघितली, परत कपाटावर ठेवली. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही तिथे जाऊन काय करणार? चिमीआत्याला एक माणूस उचलायचाय, तुम्ही गेलात की दोन होतील." उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर यंत्रानं शिट्टी मारली. बाबा असते तर म्हणाले असते, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, खऱ्याचं तर मुळीच नाही.

टीव्हीवर रोज एक पांढरा भोवरा दाखवतात. निळ्या पाण्यावर इतका शांत फिरतो की मला आपली शाळा आठवते, दुपारची सुट्टी, भोवऱ्यांची गुणगुण. आणि मग आठवतं की हा तुमच्याकडे चाललाय. असा माझा दिवस जातो.

पण रिकामा बसलो नाही. विचार केला, आणि बाबांची बुचं आठवली! वादळानंतर बाबांनी त्या भोकांना लाकडी बुचं ठोकली होती, आठवतं? आपल्या गोट्या घरंगळत जाऊन त्यांच्याच कडेला अडायच्या. ती अजून तिथेच असणार. नव्यानं गिरमिट नको, काही नको. वर्दी आली की बुचं उपट. पाणी आत येईल, घर जागचं हलणार नाही. आणि मिस्त्रींची खाट बाबांच्या शिडं कापायच्या टेबलावर चढव. ते टेबल काय साधं आहे? जहाजाचं शीड पसरायचं त्यावर. पाणी येईल, खाटेखालून खेळेल आणि जाईल. मिस्त्री वर राजासारखे. आत्याचंही तसंच काहीतरी केलं असणार बाबांनी. नाहीतर त्या पुरात ती बया कविता कशी म्हणत बसली असती?

बघ, म्हाताऱ्याच्या आठवणी अगदीच कवडीमोल नसतात. हे पत्र टाकायला मी स्वतः खाली जातोय.

तुझा दादा

२३ ऑगस्ट

दादा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा फाडावंसं वाटलं, दुसऱ्यांदा तुझी कीव आली. आता लिहितेच.

खाट टेबलावर. बाबांनी अगदी तेच केलं होतं.

तू वर होतास, आईच्या पदरात तोंड खुपसून. मी जिन्यावर होते, कंदील धरून. लहान होते, पण डोळे होते ना मला! आधी बाबांनी आणि गल्लीतल्या दोघांनी आत्याला वर चढवायचा प्रयत्न केला. त्याच झापडीतून. तिची कंबर वळेना. ती ओरडली नाही, ओठ चावले. मग म्हणाली, "पुरे झालं. मला खाली ठेव. पोरं वर गेलीत ना? मग पाड भोकं." बाबा नाही म्हणत होते. ती त्यांची मोठी बहीण. तिनं दरडावलं, "माझ्या एकटीपायी सगळ्यांना तरंगवतोस का?"

ते दोघं आपापल्या घरी पळाले. बाबांनी खाट टेबलावर चढवली आणि भोकं पाडली. पाणी वर आलं, कारंज्यासारखं. मला आधी गंमतच वाटली. बाबा पाण्यात उभे, तिचं डोकं धरून. पाणी त्यांच्या कमरेला, मग छातीला. ती म्हणाली, "वर कोण रडतंय?" बाबा म्हणाले, "थोरला." ती म्हणाली, "थांब, त्याला गप्प करते." आणि तिनं मास्तरांची कविता सुरू केली.

दुसऱ्या कडव्याला खिडकी फुटली आणि लोंढा एकदम आत आला. टेबल उलटलं. आत्या विसरली नव्हती, दादा.

तू वरून ओरडलास, "विसरलीस ना?" आणि पुढचं म्हणायला लागलास. बाबा पाण्यात हात घालून तिला शोधत होते. ती हाताला लागली तेव्हा तू शेवटच्या ओळीवर होतास. मग ते जिन्याशी आले आणि मला म्हणाले, "दादाला बोलू नकोस. त्याला वाटू दे, ती विसरली." दवाखाना, ताप, ते सगळं तुझ्यासाठी. आईनं रचलं. मी एवढी वर्षं पाळलं. बाबा गेल्यावरही पाळलं. सांगून काय मिळणार होतं?

तुला दुखवायला लिहिलं नाही. तू आणखी काही सुचवू नयेस म्हणून लिहिलं. तुझा सल्ला चुकीचा असता तर मी तो चुलीत घातला असता. तो बरोबर आहे, म्हणून तर माझा डोळा लागत नाही. बुचं काढली तर घर राहील आणि हे जातील. नाही काढली तर घर आम्हा दोघांसकट जाईल. हॉलमध्ये नेलं तर ताप यांना नेईल. आता तू सांग. नाही, सांगू नकोस.

पाठीची जखम जरा सुकते आहे.

चिमी

२८ ऑगस्ट

चिमे,

काल पत्र आलं.

मी कविता म्हणून बघितली, मनातल्या मनात. दुसऱ्या कडव्याशी थांबलो. पुढचं येतं, पण म्हणवत नाही.

जन्मभर लोकांच्या छापलेल्या चुका शोधल्या. एक मात्रा उलटी आली तरी माझ्या नजरेतून सुटत नसे. आणि घरातली एवढी मोठी गोष्ट मी बक्षीस समजून छातीशी धरून बसलो. बाबा पुढे त्या खोलीत कधी बसत नसत. ओटीवर शिवत बसायचे. मी समजायचो, त्यांना समुद्र बघायला आवडतो. त्यावर शाळेत निबंधही लिहिला होता. तो बाबांनी वाचला आणि म्हणाले, "छान आहे."

तू एवढंसं पोर. तू हे कुठे ठेवलंस ग इतकी वर्षं?

टीव्हीवरचा भोवरा आता बाणासकट दाखवतात. बाणाच्या टोकाशी तुमचं गाव. मुलगा म्हणतो, टोक हलतंही. मी बघत बसतो, की हलेल. टपाल कचेरीत गेलो, खिडकीवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, पत्र घेते, पण तिकडची गाडी कधी सुटेल सांगता येत नाही." मी म्हटलं, घे तरी. तिनं घेतलं. पोरीला माझी दया आली असावी.

सुचवण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. तेवढंच कळवायला हे पत्र.

दादा

३० ऑगस्ट

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, आता येईल असंही नाही. टपालाची गाडी आज शेवटची जाते आहे, म्हणून घाईनं लिहिते.

यांचं काही दिवस सारखं चाललं होतं, "होडी. होडी." मला वाटलं, डोकं भरकटलं. मी म्हणायचे, "हो हो, उद्या नेऊ हं होडीत." लहान पोराला सांगतात तसं. हे डोळे वटारायचे. काल न्हावी दाढी करायला आला. तो म्हणाला, "काकू, तुम्ही यांना वेड्यात काढताय, पण हे बोट दाखवतात ते शेडकडे."

शेडमध्ये यांनी बांधलेली शेवटची होडी आहे. छोटी, बुडाला चपटी. गिऱ्हाईक फिरकलंच नाही, मग यांना झटका आला, तेव्हापासून पालथी पडून आहे. मी म्हटलं, "होडीत बसून कुठे जायचंय? वादळात?" हे म्हणाले, "आत." मी म्हटलं, "कशाच्या आत?" तर डाव्या हातानं खाटेची कड बडवली, मग खाली जमिनीकडे, बुचांकडे बोट केलं, आणि पंजा हळूहळू वर नेला. असा, आडवा. छताकडे.

दादा, मी न्हाव्याला म्हटलं, "वस्तरा ठेव, दार काढ."

न्हाव्यानं चौकटीसकट दार उखडलं. चौघांनी मिळून होडी आत आणली, दार परत ठोकून बसवलं. आता पुढच्या खोलीत खाटेच्या जागी होडी आहे. त्यात गादी, गादीवर प्लॅस्टिक, त्यावर आमचे धनी. दोर जिन्याच्या खांबाला. पाणी भोकांतून आत येईल, घर जागेवर राहील, आणि पाण्याबरोबर हे वर उचलले जातील. असं यांचं म्हणणं.

पण कोरडी होडी पहिल्यांदा गळते. लाकूड फुगलं की फटी मिटतात, तोवर गळतेच. म्हणून यांना आत ठेवायच्या आधी मी तिच्यात बादल्या ओतत होते, बाहेरून ओली पोती घालत होते. न्हाव्याची बायको दारात उभी राहून म्हणते, "अहो काकू, बाहेरून समुद्र येतोय तेवढा पुरत नाही का, की घरात पाणी ओतताय?" आम्ही दोघी हसलो. पोट धरून हसलो. मग तिनंही बादली उचलली.

गळायची थांबली का? कमी झाली. थांबली म्हणवत नाही.

मी यांना विचारलं, "पाणी छतापर्यंत आलं तर?" हे म्हणाले, "नको." म्हणजे विचारू नको.

तुझ्या हातात हे पडेल तेव्हा आमचं काय ते ठरून गेलेलं असेल. मला आत्ता माहीत नाही, आणि वाचताना तुलाही माहीत नसेल. गंमतच आहे की नाही? वारा सुटलाय. गाडीवाला घाई करतोय.

चिमी

६ सप्टेंबर

चिमे,

तुझं ३० तारखेचं पत्र आज आलं. टपाल कुठे अडकलं होतं देव जाणे. वादळ तुमच्यावरून जाऊन आज बरेच दिवस झाले.

हे पत्र मी कुणाला लिहितोय, मला ठाऊक नाही. तिकडचे फोन मुके आहेत. मदत कचेरीचा नंबर मुलगा सारखा फिरवतो. लागला की गाणं वाजतं, आणि गाणं संपलं की तुटतो. टीव्हीवर हेलिकॉप्टरमधून काढलेलं दाखवतात. सगळं एकाच रंगाचं, चिखलाचं. मी पडद्याला नाक लावून आपली गल्ली शोधतो. सूनबाई म्हणते, "बाबा, डोळे दुखतील." एक छप्पर दिसलं, आपल्यासारखं. लगेच जाहिरात लागली.

आज सकाळी पाणी प्यायला पेला उचलला आणि तो तसाच धरून उभा राहिलो. पेल्यातलं पाणी किती वर आलंय, हेच बघत. सूनबाईनं हळूच तो काढून घेतला आणि मला खुर्चीत बसवलं. ही मुलगी चांगली आहे ग. मी तिला उगाच नावं ठेवतो.

होडी गळायची थांबली का? एवढंच लिही. दुसरं काही नको. एका शब्दाचं लिहिलंस तरी चालेल.

दादा

११ सप्टेंबर

दादा,

तुझी दोन्ही पत्रं एकदमच मिळाली, भिजून एकमेकांना चिकटलेली. आहोत. दोघंही आहोत. हे आधी वाच आणि मग बस.

पाणी दुपारी आलं. अंधार एवढा, की दुपार म्हणवत नव्हती. न्हावी आणि त्याची बायको आमच्याकडेच होती. त्यांना माळ्यावर पाठवलं. मी बुचं काढली. बाबांनी ती अशी ठोकली होती की हातोडीनं चहूबाजूंनी ठोकून हलवावी लागली. पाणी आलं, तसंच, कारंज्यासारखं. मी जिन्यावर चढून बसले. पुन्हा तिथेच. खांबाला एक वेढा दिलेल्या दोराचं टोक हातात.

होडी उचलली गेली तेव्हा एकदम कललीच. मी ओरडले. मग सरळ झाली. पाणी चढलं तसे हे वर येत गेले, माझ्या समोरून. आधी माझ्या पायांशी, मग गुडघ्यांशी. मीही एकेक पायरी वर. होडी कपाटाला आपटे, भिंतीला आपटे, आणि माझ्या हातात दोर. ओढला तर कलेल. सोडला तर खिडकीकडे जाईल. ओढायचा नाही, सोडायचा नाही. नुसता धरायचा. दादा, एवढं जड काम मी आयुष्यात केलं नाही, आणि ते काम काहीच न करण्याचं होतं.

विचारलंस म्हणून सांगते, गळत होती. पाठीखाली पाणी साचलं, कानापर्यंत आलं. मला हात पोचेना. मी काय केलं असेल? भांडले. मनात आलं ते काढलं. तुम्ही कधी ऐकलं माझं? गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय होडी बांधायला घेतलीत कशाला? शेड गळते म्हणून किती वर्षं सांगत होते? हे डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, गेले. मी थांबले. तर डोळे उघडले आणि म्हणाले, "हं?" म्हणजे, पुढे?

कानाशी आलेलं पाणी तिथेच राहिलं. फळ्या फुगल्या असाव्यात. पण बाहेरचं चढतच होतं. होडीचं नाक तुळईला टेकलं. यांचं नाक आणि तुळई यांच्यात माझा पंजा मावला असता, एवढंच. मी बोलायचंही सोडलं. हे तुळईवर श्वास सोडत होते आणि तो परत त्यांच्याच तोंडावर येत होता; तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

तिथून पाणी उतरलं. का उतरलं, ते कुणी सांगू शकत नाही. आणखी पंजाभर चढलं असतं तरी ते तितकंच खरं असतं.

आपलं घर आहे. न्हाव्याचं नाही. ते अख्खं उचललं गेलं, आरसे-खुर्च्यांसकट, आणि वळणावरच्या विजेच्या खांबाला जाऊन फुटलं. तो आमची होडी आत आणत होता, दार उखडत होता, दोर बांधत होता. त्याच्या जमिनीला भोकं पाडायची, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्याच्या बायकोनं मला विचारलं, "काकू, तुम्हाला माहीत होतं ना?" रागानं नाही रे. नुसतं विचारलं. ती दोघं आता आमच्या माळ्यावर असतात. तिला चहाचा कप देते तेव्हा मी तिच्याकडे बघत नाही.

तू लिहिलंस, हे कुठे ठेवलंस इतकी वर्षं. ठेवायला जागा कुठे लागते? ते आपलं आपणच राहतं.

हे होडीतून उतरायला तयार नाहीत. आम्ही खाटेवर घ्यायला गेलो की "नको." तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. न्हावी चिखलातून वस्तरा शोधून आणतो काय आणि होडीच्या कडेवर बसून यांची दाढी करतो काय. पाठीची जखम पुन्हा ओली झाली आहे. डॉक्टरीणबाई म्हणते, अशा ओल्या बुडावर झोपवू नका, कोरड्या खाटेवर घ्या. बरोबरच म्हणते ती.

दूर समुद्रात पुन्हा काहीतरी फिरायला लागलंय, असं रेडिओ सांगतो. नावही दिलंय. खाट मी अंगणात उन्हात टाकली होती, ती वाळून खडखडीत झाली आहे. सकाळपासून तिच्याशी उभी आहे. आत घ्यावी तर वादळ, बाहेर ठेवावी तर जखम. न्हावी दोनदा विचारून गेला, "काकू, उचलू का?" मी त्याला अजून हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही.

चिमी